शोचू गाळणारं घराणं व्हिस्कीकडे वळतं तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी व्हिस्की म्हटलं की आपल्याकडे यामाझाकी, हिबिकी, निक्का ही नावं लगेच तोंडावर येतात. ती मोठ्या कंपन्यांची नावं आहेत. गेल्या दहा वर्षांत मात्र जपानच्या दक्षिण टोकाला, क्यूशू बेटावर, पिढ्यान्‌पिढ्या शोचू गाळणारी घराणी व्हिस्कीत उतरली आहेत, आणि मला त्यांचीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. इथली बहुतेक उत्तरं कागोशिमा प्रांतातल्या कोमासा जोझो या घराण्याभोवती आणि त्यांच्या कानोसुके डिस्टिलरीभोवती फिरतात. जिथे दुसऱ्या घराण्याचं उदाहरण जास्त बोलकं आहे तिथे ते घेतलं आहे.

शोचू म्हणजे साकेच ना?

नाही. साके तांदूळ आंबवून करतात, ती गाळत नाहीत. शोचू गाळलेली, म्हणजे उकळून तिची वाफ पुन्हा थंड करून मिळवलेली असते. पारंपरिक शोचू साध्या भांड्यातून, एकदाच गाळतात. कच्चा माल प्रांतानुसार बदलतो: कागोशिमात रताळं, कुमामोतोच्या कुमा खोऱ्यात तांदूळ, इकी बेटावर सातू. कागोशिमाच्या रताळ्याच्या शोचूला 'सात्सुमा शोचू' म्हणून २००५ पासून भौगोलिक मानांकन आहे. बाटलीत ती बहुधा २५ टक्के अल्कोहोलची असते, म्हणजे व्हिस्कीपेक्षा बरीच सौम्य, आणि जेवणासोबत प्यायली जाते.

शोचू आणि व्हिस्की करण्यात नेमका फरक कुठे पडतो?

सगळ्यात मोठा फरक पहिल्याच पायरीवर पडतो. धान्यातल्या किंवा कंदातल्या पिठूळ भागाची साखर झाल्याशिवाय यीस्टला त्याचं अल्कोहोल करता येत नाही. व्हिस्कीत ही साखर सातूला मोड आणून मिळवतात; अशा मोड आलेल्या धान्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात तयार झालेली एन्झाइम्स गरम पाण्यात आपलं काम करतात, गोड पाणी निथळून घेतात आणि मग त्यात यीस्ट टाकतात. आधी साखर, नंतर अल्कोहोल, अशा दोन वेगळ्या पायऱ्या.

शोचूत हे काम कोजी नावाची बुरशी करते. वाफवलेल्या तांदळावर कोजीचे बीजाणू पेरतात आणि दीड-दोन दिवस ऊब देऊन ती वाढवतात. सुरुवातीला तांदूळ ४० अंशांच्या आसपास ठेवतात, मग मुद्दाम ३५ अंशांपर्यंत खाली आणतात, कारण त्या तापमानाला काळी आणि पांढरी कोजी भरपूर सायट्रिक आम्ल तयार करते. हा तांदूळ चावून पाहिला तर लिंबासारखा आंबट लागतो. क्यूशूच्या दमट, गरम हवेत मिश्रण नासू नये म्हणून हा आंबटपणाच राखण करतो. या कोजी-तांदळात पाणी आणि यीस्ट घालून पाच-सहा दिवस ठेवतात, मग तांदळाच्या साधारण पाचपट वजनाची वाफवलेली रताळी कुटून घालतात आणि आणखी आठ-दहा दिवस आंबवतात. साखर होणं आणि तिचं अल्कोहोल होणं एकाच पिंपात, एकाच वेळी चालू असतं. त्यामुळे मिश्रण १४ टक्क्यांच्या आसपास पोचतं. व्हिस्कीचं आंबवण सात ते नऊ टक्क्यांवर थांबतं.

पुढेही वाटा वेगळ्याच आहेत. शोचूत चोथ्यासकट दाट मिश्रण भांड्यात जातं, त्यात थेट वाफ सोडतात आणि एकदाच गाळतात. माल्ट व्हिस्कीत निथळलेलं आंबवण तांब्याच्या भांड्यातून दोनदा गाळतात आणि साठ-पासष्ट टक्क्यांचं स्वच्छ पाण्यासारखं दिसणारं मद्य ओकच्या पिंपात भरतात. शोचू काही महिन्यांत दुकानात जाते, व्हिस्कीची किमान तीन वर्षं वाट पाहावी लागते.

कोमासा जोझो हे घराणं कोण?

कागोशिमा प्रांतातल्या हिओकी गावात १८८३ साली सुरू झालेला शोचूचा कारखाना. दुसऱ्या पिढीतल्या कानोसुके कोमासा यांना एक गोष्ट डाचत होती. व्हिस्कीला प्रतिष्ठा होती, शोचूकडे मात्र कामगारांची स्वस्त दारू म्हणून पाहिलं जाई. त्यांनी तांदळाची शोचू ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवली आणि १९५७ साली 'मेलोड कोझुरू' या नावानं बाजारात आणली. पिंपात मुरवलेल्या शोचूची जपानमधली ही सुरुवात मानली जाते. चौथ्या पिढीतले योशित्सुगु कोमासा यांनी २०१७ मध्ये व्हिस्कीची डिस्टिलरी उभारली आणि तिला आजोबांचं नाव दिलं. जागाही तीच निवडली जिथे मेलोड कोझुरूची पिंपं मुरत होती: फुकिआगेहामाच्या वाळूच्या किनाऱ्यालगत, पूर्व चिनी समुद्रासमोर.

पिंपात मुरलेली शोचू होतीच, मग व्हिस्की कशासाठी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर जपानच्या मद्यकर कायद्यात सापडतं.

शोचूचा रंग गडद असता कामा नये, असा तिथला नियम आहे. रंग डोळ्यांनी ठरवत नाहीत. नमुना काचेच्या छोट्या नळीत घालून उपकरणात ठेवतात, त्यातून ४३० आणि ४८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतात आणि किती प्रकाश शोषला गेला ते मोजतात. आकडा ०.०८ च्या वर गेला, तर ती शोचू म्हणून विकता येत नाही. म्हणजे व्हिस्कीच्या रंगाचा साधारण पाचवा ते दहावा भाग एवढीच मुभा.

आता कारखानदाराच्या जागी उभं राहून पाहा. चांगल्या ओकच्या पिंपात सहा-सात वर्षं मद्य ठेवलं की ते मधाच्या रंगाचं होणारच, आणि त्या रंगासोबत लाकडाची चव आणि वासही उतरणार. शोचू म्हणून विकायची तर तो रंग उतरवावा लागतो. एक तर गाळणी लावून, नाही तर बिनरंगाच्या शोचूत मिसळून. दोन्हीत लाकडानं दिलेलं बरंच काही हातचं जातं. कोमासा घराण्यानं साठ वर्षं या मर्यादेत राहून पिंपांचं काम केलं. पिंपं कशी निवडायची, कोणत्या गोदामात कुठल्या थरावर मद्य लवकर मुरतं, हे सगळं ज्ञान त्यांच्याकडे होतं, पण ते पुरतं वापरायला कायद्यानं वाव दिला नव्हता. व्हिस्कीत तो वाव आहे. माझ्या दृष्टीनं या डिस्टिलरीचं खरं कारण हेच आहे. जगात जपानी व्हिस्कीची मागणी वाढली होती हे खरं, पण नुसत्या मागणीनं साठ वर्षांची पिंपांची समज तयार होत नसते.

असा नियम का केला असेल?

पूर्वी शोचू आणि व्हिस्की यांवरच्या करांत मोठी तफावत होती. शोचूवर कमी, व्हिस्कीवर जास्त. पिंपात मुरवलेली गडद शोचू व्हिस्कीसारखी दिसू लागली तर कराची भिंत ढासळणार, म्हणून दोघींमध्ये रंगाची रेघ ओढली गेली. ती तफावत आता उरलेली नाही. युरोप, अमेरिका आणि कॅनडा यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, १९९६ मध्ये निकाल जपानच्या विरोधात गेला आणि त्यानंतर शोचूवरचा कर वाढवून व्हिस्कीवरचा कमी करण्यात आला. कराचं कारण गेलं, रंगाचा नियम राहिला. शोचूवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

कानोसुके डिस्टिलरीत पाहण्यासारखं काय आहे?

तांब्याची तीन भांडी. एक ६,००० लिटरचं, दुसरं ३,००० चं आणि तिसरं १,६०० चं. एवढ्या लहान डिस्टिलरीत बहुधा दोनच भांडी असतात: एक पहिल्या गाळपासाठी, दुसरं दुसऱ्यासाठी. इथे तिसरं आहे, आणि प्रत्येकाच्या मानेचा आकार आणि वरून निघणाऱ्या नळीचा कल वेगळा आहे. नळी वरच्या दिशेला झुकलेली असेल तर जड वाफा परत खाली घसरतात आणि हलकं मद्य मिळतं. खालच्या दिशेला असेल तर जड, तेलकट वाफाही पुढे निसटतात. एकाच आंबवणातून वेगवेगळ्या स्वभावाची मद्यं काढायची आणि नंतर त्यांचा मेळ घालायचा, ही इथली पद्धत.

वाफ थंड करायला इथे जुन्या पद्धतीची टाकी आहे. पाण्यानं भरलेल्या टाकीत तांब्याची नळी वेटोळी घेत खाली उतरते, वरून आत गेलेली वाफ तळाशी येईपर्यंत धार होऊन बाहेर पडते. आधुनिक कंडेन्सरमध्ये वाफ तांब्याला जास्त घासते आणि मद्य हलकं होतं. वेटोळ्यात तांब्याचा स्पर्श कमी, म्हणून अंगानं भरलेलं मद्य मिळतं. स्कॉटलंडमध्येही आता मोजक्याच डिस्टिलऱ्यांनी ही टाकी टिकवून ठेवली आहे.

शोचूचा अनुभव व्हिस्कीत खरंच कामाला येतो, की ते जाहिरातीपुरतं बोलणं आहे?

येतो, आणि तो बाटलीत दिसतो. २०२१ च्या जूनमध्ये कानोसुकेची पहिली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, निव्वळ माल्टची व्हिस्की) आली, ५८ टक्क्यांची. तिचा गाभा ज्या पिंपांतून आला, ती मेलोड कोझुरू मुरवलेली अमेरिकन पांढऱ्या ओकची जुनी पिंपं होती. आतला थर पुन्हा जाळून ती व्हिस्कीसाठी वापरली. शेरीची किंवा बर्बनची पिंपं जगात कोणालाही विकत घेता येतात. स्वतःच्याच शोचूनं वर्षानुवर्षं भिजलेली पिंपं फक्त शोचूच्या घराण्याकडेच असतात.

दुसरं उदाहरण मला त्याहून आवडतं. कोमासांच्या हिओकीतल्या जुन्या शोचू कारखान्यात स्टेनलेस स्टीलची शोचूची भांडी आहेत. त्याच भांड्यांतून ते आता सातूची, मोड आलेल्या आणि न आलेल्या दोन्ही दाण्यांची, व्हिस्की गाळतात. ती कायद्यानं ग्रेन व्हिस्की ठरते, पण बाकी जगात ग्रेन व्हिस्की उंच खांबांच्या यंत्रातून अखंड वाहत निघते आणि चवीला हलकी असते. इथे ती भांड्यातून निघते, म्हणून भाजलेल्या धान्याची, दाट चव राहते. 'हिओकी पॉट स्टिल' या नावानं ती वेगळी मिळते, आणि कानोसुकेच्या माल्टसोबत मिसळून 'डबल डिस्टिलरी' म्हणूनही.

शिवाय आंबवण्याची नजर आहेच. जिवंत बुरशी सांभाळणाऱ्या माणसाला स्वच्छता आणि तापमान शिकवावं लागत नाही.

मग व्हिस्कीत कोजी वापरतात का?

जपानमध्ये 'व्हिस्की' लिहून विकायची असेल तर नाही. धान्याची साखर मोड आलेल्या धान्यानं व्हायला हवी. कोजीनं केली की ते कायद्याच्या दुसऱ्या खणात जातं.

अमेरिकेत तसा अडथळा नाही. त्यामुळे कुमामोतोच्या फुकानो आणि ओइशी या कारखान्यांची पिंपात मुरलेली तांदळाची गडद शोचू तिथे व्हिस्की म्हणून विकली जाते. यामागे एक जुना धागाही आहे. जोकिची ताकामिने हे जपानी रसायनशास्त्रज्ञ १८९० मध्ये अमेरिकेला गेले आणि इलिनॉयमधल्या पिओरिया शहरात माल्टऐवजी कोजी वापरून व्हिस्की करण्याच्या प्रयत्नाला लागले. माल्ट करणाऱ्यांच्या पोटावर पाय येणार होता, त्यांचा कडवा विरोध झाला, १८९१ मध्ये आग लागली आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. ताकामिने नंतर टाका-डायस्टेज हे पाचक औषध आणि अ‍ॅड्रिनलिन यांवरच्या कामासाठी जगप्रसिद्ध झाले. आता फुकुओकामधलं शिनोझाकी हे घराणं त्यांच्या नावानं कोजीची व्हिस्की अमेरिकेत विकतं.

हा रस्ता धरणारं कोमासा हे पहिलंच घराणं का?

नाही. शेजारच्याच मिनामिसात्सुमा गावातलं होंबो शुझो त्यांच्या कितीतरी आधी या वाटेला लागलं. १८७२ चं हे घराणं १९०९ पासून शोचू करतं, आणि त्यांना १९४९ मध्येच व्हिस्कीचा परवाना मिळाला. त्यांची व्हिस्की 'मार्स' या नावानं ओळखली जाते.

या घराण्याला लाभलेला माणूस म्हणजे किइचिरो इवाई. १९१८ मध्ये तरुण मासाताका ताकेत्सुरू यांना व्हिस्की शिकायला स्कॉटलंडला पाठवणाऱ्या सेत्सु शुझो कंपनीत ते त्यांचे वरिष्ठ होते. ताकेत्सुरू १९२० मध्ये परतले, आपला तपशीलवार अहवाल त्यांनी इवाईंना दिला, पण मंदीमुळे कंपनीचा व्हिस्कीचा बेत फसला. ताकेत्सुरू पुढे यामाझाकी डिस्टिलरीत गेले आणि १९३४ मध्ये योइचीला त्यांनी स्वतःची डिस्टिलरी काढली, तीच पुढे निक्का झाली. तो अहवाल मात्र इवाईंकडे राहिला. पुढे ते होंबोचे सल्लागार झाले आणि १९६० मध्ये यामानाशी प्रांतात त्या अहवालाच्या आधारे त्यांनी भांडी घडवून घेतली. जपानी व्हिस्कीचा इतिहास सांगताना इवाईंचं नाव बहुतेक वेळा राहून जातं. ते राहू नये.

होंबोनं १९८५ मध्ये नागानो प्रांतात ७९८ मीटर उंचीवर शिन्शू डिस्टिलरी काढली आणि २०१६ मध्ये घराण्याच्या मूळ गावी त्सुनुकी. एक थंड डोंगरातली, एक गरम किनारपट्टीची. काही पिंपं ते याकुशिमा बेटावरही मुरवतात.

धंदा म्हणून यात जोखीम किती?

भरपूर. होंबोचंच पाहा. १९८० च्या दशकात जपानमध्ये व्हिस्कीचा खप उतरणीला लागला आणि १९९२ मध्ये शिन्शूचं गाळप बंद करावं लागलं. ते सुरू व्हायला २०११ उजाडलं. आज ओतलेलं मद्य विकायची वेळ येईल तेव्हा बाजार कसा असेल, हे कोणालाच ठाऊक नसतं.

पण नुसत्या शोचूवर बसून राहणंही सुरक्षित नव्हतं. २००० च्या दशकातली शोचूची लाट ओसरली. रताळ्याची शोचू ही हंगामी गोष्ट: उन्हाळा संपताना काढणी सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत गाळप आटोपतं, कारण रताळी साठवून टिकत नाहीत. त्यात २०१८ मध्ये कागोशिमा आणि मियाझाकीच्या शेतांत वेलाचा बुंधा आणि कंद कुजवणारा रोग आढळला आणि शोचूसाठी लागणाऱ्या कोगाने सेन्गान जातीच्या रताळ्यांचा तुटवडा पडला. सातू वर्षभर मिळतो आणि टिकतो. रिकाम्या महिन्यांत माणसांना काम मिळतं. तीन वर्षांच्या वाटेत हातात पैसा यावा म्हणून बऱ्याच घराण्यांनी जिनही काढली. कोमासांची जिन साकुराजिमाच्या छोट्या संत्र्यांची आहे.

बाटलीवर 'जपानी व्हिस्की' लिहिलं आहे, म्हणजे ती जपानचीच ना?

आता बऱ्याच अंशी हो. तिथला कायदाच इतका सैल होता की परदेशातून पिंपं आणून जपानमध्ये बाटलीत भरली तरी चालून जाई. २०२१ मध्ये तिथल्या उत्पादक संघटनेनं नियम घातले आणि ते १ एप्रिल २०२४ पासून पूर्णपणे लागू झाले: माल्ट हवंच, पाणी जपानचं, साखर करण्यापासून गाळण्यापर्यंत सगळं जपानमध्ये, ७०० लिटरपर्यंतच्या लाकडी पिंपात किमान तीन वर्षं जपानमध्येच मुरवलेली, आणि बाटलीत किमान ४० टक्के. हे नियम सदस्यांसाठी आहेत, देशाचा कायदा नाही, म्हणून अनोळखी नाव दिसलं तर मागचं लेबल वाचा. डिस्टिलरीचं नाव आणि गाव स्पष्ट लिहिलं असेल तर निम्मी शंका मिटते.

डियाजिओ या बड्या ब्रिटिश मद्यकंपनीनं कानोसुके विकत घेतली, हे खरं का?

नाही. २०२१ मध्ये डियाजिओच्या पाठबळावर चालणाऱ्या डिस्टिल व्हेंचर्सनं तिच्यात अल्पहिस्सा घेतला. व्हिस्कीसाठी वेगळी कंपनी झाली, सूत्रं घराण्याकडेच राहिली.

गोव्याच्या फेणीशी याची तुलना करता येईल का?

एका मुद्द्यावर नक्की. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण अबकारी खात्याच्या वर्गवारीत ती वर्षानुवर्षं देशी दारूच राहिली आणि त्यामुळे गोव्याबाहेर विकणं अवघड झालं. शोचूला रंगाच्या रेघेनं अडवलं, फेणीला वर्गवारीनं. दोन्हीकडे कारागिरी मोठी होती आणि कागद छोटा. गोवा सरकारनं नंतर फेणीला वारशाचा दर्जा दिला हे चांगलंच झालं. कोजीच्या पारंपरिक विद्येलाही २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं.

हवामानाचं साम्यही आहे. गोव्यात मुरणाऱ्या पॉल जॉन व्हिस्कीप्रमाणेच कागोशिमातही उन्हाळ्यात मद्य लाकडात झपाट्यानं शिरतं आणि पिंपातून उडूनही जास्त जातं. मात्र कागोशिमाचा हिवाळा चांगलाच थंड असतो, त्या काळात मुरण्याचा वेग मंदावतो. गोव्यात तशी विश्रांती मिळत नाही.

सुरुवात कुठून करावी, आणि प्यायची कशी?

कानोसुकेची ४८ टक्क्यांची नेहमीची सिंगल माल्ट घ्या. आधी नुसती, मग दोन-चार थेंब पाणी घालून. सोड्यासोबतही ती छान उभी राहते. पण माझा आग्रह असा की त्याच घराण्याची रताळ्याची शोचूही शेजारी ठेवा. कागोशिमात ती गरम पाण्यासोबत पितात: पेल्यात आधी गरम पाणी, मग शोचू, म्हणजे ती आपोआप मिसळते. शोचू सहा भाग, पाणी चार भाग हे नेहमीचं प्रमाण. तळलेल्या माशांच्या वड्या किंवा डुकराच्या मांसाचा रस्सा असेल तर उत्तमच.

डिस्टिलरी पाहायला जाता येतं का? बाटल्या आणता येतात का?

जाता येतं, आगाऊ नोंदणी करून. शिन्कान्सेननं कागोशिमा-चुओ, तिथून साध्या गाडीनं इजुइन आणि पुढे टॅक्सी. गाडी भाड्यानं घेऊन जाणार असाल तर चालवणाऱ्यानं एक थेंबही घेऊ नये. जपानमध्ये शिक्षा चालवणाऱ्याला तर होतेच, त्याला पाजणाऱ्यालाही होते. पिण्याचं वय तिथे २० आहे. परत येताना भारतात प्रत्येक प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७०० मिलीलिटरच्या दोन बाटल्या. महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या कडक मद्यासाठी किमान वय २५ आहे, हेही भेट देताना लक्षात असू द्या.